साडेतीन किलो

यंत्राचा हात तिच्या मनगटाला लागला आणि थांबला. पुण्याबाहेरच्या त्या थंडगार शोरूममध्ये विक्रेता हसत म्हणाला होता, "मॅडम, घाला ना हात मध्ये, काही होत नाही," आणि समीक्षाने तापल्या तव्याला बोट लावून बघावं तसा हात पुढे केला होता. खोकं उचलून वळत येणारा तो राखाडी हात मनगटाला टेकला, म्हैस ओल्या नाकाने हुंगते तेवढाच, आणि जागच्या जागी उभा राहिला. खोकं हवेत. विक्रेता पुढचं सांगत होता, सेन्सर, सांधे, सुरक्षेचं प्रमाणपत्र. तिला काही ऐकू येत नव्हतं. आपण अडवलं आणि समोरचं थांबलं, असं याआधी कधी झालं होतं? तिने खरोखरच आठवून पाहिलं. कंपनीतल्या मीटिंगा आठवल्या, सासरचं स्वयंपाकघर आठवलं, बारावीनंतर 'इंजिनीअरिंगच करणार' म्हणून दाराच्या चौकटीत उभी राहिलेली ती आणि तिला वळसा घालून बाहेर गेलेले चुलते आठवले. तिने वहीत लिहिलं, 'प्रतिसाद चांगला', आणि ताम्हिणीची वळणं संपून माणगाव येईपर्यंत उजव्या हाताने डावं मनगट धरून गाडीत बसून राहिली. लागलेलं काहीच नव्हतं.

काम म्हटलं तर साधं होतं. महाडच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात रंगात घालायची पांढरी पावडर बनायची. शेवटच्या शेडमध्ये पंचवीस किलोच्या बॅगा पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि दोन माणसं त्या उचलून लाकडी पॅलेटवर रचायची. तीन शिफ्ट, सहा माणसं, सगळी ठेकेदाराची. आता तिथे रोबोटचा हात बसवायचा होता, आणि तो कोणता हे समीक्षाने सांगायचं होतं. शेवटच्या यादीत दोन उरले होते. एक मोठा, नारिंगी, दोन माणसांच्या उंचीचा; त्याच्याभोवती पिंजरा घालावा लागतो, कारण समोर माणूस आहे की गोण हे त्याला कळत नाही. मिनिटाला दहा बॅगा, आणि माणूस एकही नको. दुसरा तो धाकटा, राखाडी, टेकला की थांबणारा. त्याला पिंजरा नको, पण पॅलेट सरकवायला, फाटकी बॅग बाजूला काढायला शिफ्टला एक माणूस लागतोच. म्हणजे सहातले तीन उरतात. प्लँट हेड भरत सर म्हणाले होते, "अभ्यास तू कर, सुचव पण तूच. मी सही करीन. फक्त कागदाखाली नाव तुझं असेल." त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिला मात्र ते ऐकताना शाळेत मॉनिटर केल्यावर वाटलं होतं तसं वाटलं. आता वर्गातली सगळी आपल्याकडे बघणार, आणि बाई बाहेर जाणार.

गुरुवारी सकाळी ती फोनमधलं घड्याळ लावून बॅगिंगच्या शेडमध्ये उभी राहिली. दोन्ही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये 'सध्याचा वेग' असा रकाना होता. पट्ट्यापाशी येसाजी आणि चांगू होते. येसाजी तिच्याच गावचा, वर डोंगरातल्या कुडपणचा, तिच्या वडलांचा मुंबईतला जोडीदार. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, नाकावर रुमाल, भुवया पावडरीने पांढऱ्या झालेल्या. गावात तो तिला समी म्हणायचा आणि कंपनीत मॅडम, आणि या दोन्हींच्या मधलं काही त्याला ठाऊक नव्हतं. चांगू त्याच्याहून धाकटा, गप्पिष्ट. त्याचं आजोळ तळीयेचं; दोन हजार एकवीसच्या जुलैत तिथे दरड कोसळल्यापासून तो शेडच्या पायरीवर त्या बाजूच्या डोंगराकडे पाठ करून डबा खातो, एवढी एक गोष्ट सोडली तर त्याचं तोंड बंद नसायचं. आज दोघंही गप्प होते. तिने घड्याळ सुरू केलं आणि दोघांचे हात एकदम जोरात चालायला लागले. बॅग पट्ट्यावरून येते न येते तोच येसाजी तिला छातीशी घेत होता, वळत होता, टाकत होता. "काका, रोजच्यासारखं करा," ती म्हणाली. "रोजचंच हाय ना मॅडम," तो रुमालातून म्हणाला आणि आणखी जोरात वळला. मिनिटाला चार बॅगा. तिच्या हातात उत्पादनाचे आकडे होते. वर्षभराची सरासरी तीन होती. तिला संताप आला. हा माणूस यंत्राशी शर्यत लावत होता, आणि यंत्र अजून आलंसुद्धा नव्हतं. त्याला बहुतेक वाटत होतं, की आकडा चांगला लागला तर मॅडम वर सांगतील, आमची माणसंच बरी. कोणत्या रकान्यात लिहायचं होतं ते? तिने फॉर्ममध्ये तीन लिहिलं आणि कॅल्क्युलेटर काढला. मिनिटाला तीन, सात तास, दोन माणसांत वाटून सहाशे तीस बॅगा. एका माणसाच्या वाट्याला पावणेसोळा टन. रोज एक भरलेला ट्रक, छातीशी धरून, वळून, ठेवून. हा गुणाकार तिने कंपनीतल्या अकरा वर्षांत कधी केला नव्हता, आणि करायला काही लागतही नव्हतं.

तिच्या वडलांना मान वळवता यायची नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ती आईबरोबर मुंबईला गावकीच्या खोलीत जायची. दहा बाय बाराची खोली, कुडपणची चौदा माणसं, भिंतीला चौदा खुंट्या. तिने हाक मारली की वडील सगळे वळायचे, खांद्यासकट, पायांसकट, कपाट सरकवून फिरवावं तसे. लहानपणी तिला वाटायचं की आपल्याकडे बघायचं म्हणजे वडलांना किती महत्त्वाचं वाटतं, अख्खे वळतात. मशीद बंदरच्या गोदामात तेव्हा शंभर किलोची गोण असायची, ती मानेवर. ते तिचा हात धरून मानेमागे न्यायचे आणि म्हणायचे, "हितं दगड हाय बघ," आणि तिथे खरंच दगड असायचा, कातडीचा, ऊन लागलेल्या दगडासारखा कोमट. शेजारच्या खुंटीवर येसाजीचा सदरा. वडील गेले, गोदाम हललं, येसाजी गावी परतला. त्याच सुमाराला समीक्षा या कंपनीत नवी लागली होती. ठेकेदाराकडे तिने शब्द टाकला आणि येसाजी बॅगिंगला लागला. पोलादपूरच्या स्टँडवर त्याने तिला भर गर्दीत हात जोडले होते, आणि ती दोन दिवस अभिमानाने वावरली होती, वडलांच्या जोडीदाराला लावून दिलं म्हणून. लावून दिलं! पुन्हा गोणीखालीच नेऊन उभा केला होता त्याला, फक्त शंभराच्या जागी पंचवीस. शेडमधून परतताना तिच्या जिभेवर पावडरीची चव होती, खडूसारखी, आणि ती दुपारच्या चहानेही गेली नाही.

धाकटाच हात घ्यायचा हे तिने शुक्रवारी सकाळी ठरवलं, आणि शुक्रवारी दुपारी तो बाद झाला. माहितीपत्रकात लिहिलं होतं, वजन उचलण्याची क्षमता तीस किलो. बॅग पंचवीसची. तिने तिथेच निर्धास्त होऊन पान उलटलं होतं. पण हात नुसता उचलत नाही, त्याच्या टोकाला बॅग पकडणारा पंजा लावावा लागतो, आणि तो पंजा साडेआठ किलोचा. पंचवीस आणि साडेआठ, साडेतेहतीस. साडेतीन किलो जास्त. तिने विक्रेत्याला फोन केला. "हो मॅडम, क्षमता पंज्यासकट धरतात. ते खाली बारीक अक्षरात आहे." हलका पंजा? "पावडरच्या बॅगेला नाही चालत मॅडम, घसरते." मग शोरूममध्ये मला खोकं का दाखवलंत? तो म्हणाला, "खोकं छान दिसतं." तिने फोन ठेवला आणि केबिनच्या काचेतून बाहेर बघत राहिली. साडेतीन किलो म्हणजे काय, तर बाजाराची एक पिशवी, नुकतं जन्मलेलं एक पोर. एवढ्यासाठी तीन माणसं. राग कुणावर काढावा तेही कळेना. वजनावर कसा रागावणार माणूस? संध्याकाळी घरी तिने दीपकला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो पोलादपूरच्या बँकेत असतो; शांत माणूस. तो भाजी निवडत म्हणाला, "मग मोठा घे. तुझ्या हातात काय आहे त्यात?" आणि तिला वाटलं, सगळ्यांनी आपल्याला हेच वाक्य द्यायचं ठरवलंय की काय.

आंघोळ करताना तिला सुचलं ते इतकं सोपं होतं की ती पाणी बंद करून तशीच उभी राहिली. हात मोठा करता येत नाही, पंजा हलका करता येत नाही. बॅग हलकी करता येते. वीस किलोची बॅग, साडेआठ किलोचा पंजा, साडेअठ्ठावीस. बसतं. पुढचे तीन आठवडे तिने या पाच किलोंच्या मागे घालवले, आणि त्या आठवड्यांची आठवण काढली की तिला अजूनही कानाला चिकटलेला गरम फोनच आठवतो. उत्पादनवाले म्हणाले, आम्हाला चालेल, पण पॅकिंगला विचारा. पॅकिंगवाले म्हणाले, पंचवीसच्या छापील बॅगा पडल्यात, स्टोअरला विचारा. स्टोअरचे म्हणाले, त्या दोन महिन्यांत संपतील, पण गिऱ्हाइकाला चालेल का? गिऱ्हाईक म्हणजे गुजरातेतली रंगाची कंपनी. तिथला खरेदीवाला म्हणाला, क्वालिटीला विचारा, क्वालिटीवाला म्हणाला, वजन हा आमचा विषय नाही, आणि मग पुन्हा खरेदी, पुन्हा क्वालिटी, प्रत्येक ठिकाणी तेच पहिल्यापासून सांगायचं, आणि पलीकडून तोच प्रश्न, "पण मॅडम, तुम्हाला बदलायचं कशाला?" खरं कारण सांगितलं तर माणूस हसेल, अशी तिला भीती वाटायची. मग ती 'तांत्रिक कारण' म्हणायची. शेवटी एकदा चुकून फोन तिथल्या मिक्सिंग विभागातल्या सोनाली नावाच्या बाईकडे गेला. बाई मूळच्या इकडच्याच, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या एका घाण्याला शंभर किलो लागते. आत्ता चार बॅगा फोडतो, मग पाच फोडू. उलट आमच्या बायकांना बरं, पंचवीसची उचलवत नाही त्यांना." मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? "कुणी विचारलंच नाही हो." दोन दिवसांनी होकाराचा मेल आला, एका ओळीचा. समीक्षाने तो चार वेळा वाचला. शंभराची गोण पन्नासची झाली, पन्नासची पंचवीसची. दर वेळी कुठेतरी कुणीतरी असाच फोन कानाला लावून बसलं असेल, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नसेल. तिला खूप दिवसांनी भूक लागली.

त्या रविवारी ती कुडपणला गेली. येसाजीला स्वतः सांगावं, त्याचा चेहरा बघावा, एवढाच तिचा स्वार्थ होता. पोलादपूरवरून आंबेनळीच्या अंगाने रस्ता वर चढतो, मग फाटा सुटतो आणि गाडी पहिल्या गिअरवर कण्हत पठारावर येते. येसाजी ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. तिला बघून तो उठला नाही. तिच्या मनात चटकन आलं, रागावलाय. कंपनीत तर आपण दिसलो की बॅग टाकून उभा राहतो. "ये गो समी," तो बसूनच म्हणाला. तिने पिशवीतली केळी ठेवली आणि घाईघाईने सांगायला सुरुवात केली, धाकटा हात, वीस किलोची बॅग, पिंजरा नाही, शिफ्टला एक माणूस राहतो, म्हणजे तीन माणसं राहतात. त्याची बायको गोदूबाई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून ऐकायला लागली. समीक्षाचं बोलणं संपलं तेव्हा गोदूबाई म्हणाली, "आन दुसरा कंचा हाय?" मोठा आहे, त्याला माणूसच लागत नाही, समीक्षा म्हणाली. "मंग त्यो आण. उद्याच्या उद्या आण."

"तू गप बस," येसाजी म्हणाला.

"का गप बसू? तिला दिसू दे की. समी, ह्यो उठला काय तू आल्यावर? उठवत नाय त्येला. ऐतवारचा सगळा दिस असा भिंतीला. रातच्याला मीठ तापवून शेकायचं, आन सोमवारी मी काखेत हात घालून उभा करायचा. तिथनं त्यो यष्टीपत्तुर जातो आन तुमच्याकडं वाघ होतो."

"कंपनीत नाय सांगायचं," येसाजी समीक्षाकडे बघत म्हणाला. विनंती नव्हती ती, हुकूमही नव्हता. पावडर नसलेल्या त्याच्या भुवया काळ्याभोर होत्या आणि त्यामुळे तो परका वाटत होता. गुरुवारचं ते छातीशी धरणं, वळणं, टाकणं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि आपण तेव्हा संतापलो होतो हे आठवून तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग तो म्हणाला, "तीन राहत्यात बोललीस. कंचे तीन?"

तीन आठवडे तिने बॅगेचं वजन मोजलं होतं, पंज्याचं मोजलं होतं, पट्ट्याची उंची, छताची उंची, खांबाचं अंतर. कोणते तीन, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"हात तू निवडलास," येसाजी म्हणाला, "मंग माणसं कोन निवडनार? तूच ना? का ठेकेदार? चांगू र्‍हाईल का मी? आमच्यातल्या मोरूला तीन पोरी हायत. भरतशेटला," हे तो भरत सरांना म्हणायचा, "काय ठावं हाय आमचं?"

"काका, सहाच्या सहा जाण्यापेक्षा बरं ना?" तिचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "मी तीन आठवडे मरमर करतेय. कुणी एक माणूस बरं म्हणायला तयार नाही. तिकडे सर म्हणतात तूच ठरव, घरी म्हणतात मोठा घे, काकी म्हणतेय मोठा घे, आणि ज्यांच्यासाठी करतेय ते विचारतायत कोणते तीन!"

"मी बरं नाय असं कुटं बोललो?" येसाजी म्हणाला. "इचारलं फकस्त."

घाट उतरताना ती एकटीच मोठमोठ्याने बोलत होती. येसाजीला उत्तरं देत होती, भरत सरांना, दीपकला, त्या विक्रेत्याला. पोलादपूरच्या चौकात हायवेच्या सिग्नलशिवायच्या गर्दीत मागच्या ट्रकने भोंगा वाजवला तेव्हा तिला कळलं, की आपण रस्ता मोकळा असूनही थांबलोय.

सोमवारी सकाळी बॅगिंगच्या शेडच्या पायरीवर सहाच्या सहा माणसं उभी होती. ज्यांची शिफ्ट नव्हती तीही आली होती. येसाजी मागे, खांबाला टेकून. चांगू पुढे. "मॅडम, येसूदानं काल फोनवर सांगितलं सगळं," तो म्हणाला. "आमचं आमी ठरवलंय. तिघं नको. जागा तीन असू दे, माणसं सहा र्‍हातील. पाळी लावू." तिला समजलं नाही. "गावाला देवळात दिवा लावायची पाळी असती का नाय? ह्या आठवड्यात ह्यांच्या घरची, त्या आठवड्यात त्यांच्या. तशी. एक आठवडा तिघं, दुसरा आठवडा तिघं. उरलेल्या आठवड्याला शेत हाय, गुरं हायत. निम्मं काम, पन समद्यांना." मागून मोरू म्हणाला, "आन कुनी कुनाला निवडायला नको." तो कुणाकडे बघून म्हणाला नाही. समीक्षाला मान खाली घालावीशी वाटली आणि त्याच वेळी त्या सगळ्यांवर ओरडावंसंही वाटलं, हे आधी का नाही सांगितलंत, मी तीन आठवडे एकटी का बसले होते? पण त्यांना आधी विचारलं होतं कुणी?

भरत सर खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिले. वीस किलोच्या बॅगेवर ते खूश झाले, धाकट्या हाताला हो म्हणाले, इतकं सहज की तिला क्षणभर फसल्यासारखं वाटलं. पाळीपाशी मात्र अडले. "समीक्षा, तीन जागांना सहा गेटपास? ठेकेदार मला विचारणार, एचआर विचारणार. नियमात कुठे बसतं हे?" तिने टेबलावरचा विक्रेत्याचा फॉर्म पुढे ओढला. त्यात एक ओळ होती, 'प्रशिक्षण देण्याच्या ऑपरेटरांची संख्या', आणि पुढे मोकळी जागा. "सर, सुट्ट्या, आजारपण, शिमगा, गणपती. तीन जागांना तीनच शिकलेली माणसं ठेवली तर गणपतीत लाइन बंद पडेल. सहा जण शिकवून ठेवू. शिकलेला ऑपरेटर म्हणजे पास आलाच. कोण कधी येतो ते त्यांचं ते बघतील." हे खोटं नव्हतं. पण तिने ते सरांकडे न बघता, फॉर्मकडे बघत सांगितलं. सरांनी फॉर्म स्वतःकडे फिरवून वाचला. मग म्हणाले, "तुझ्या नावावर." तिने त्या मोकळ्या जागेत सहाचा आकडा लिहिला, आणि सहा नावं लिहिली. पहिलं येसाजीचं.

हात मे महिन्यात आला. लाकडी पेटीतून निघाला, शेडमध्ये बसला, चार दिवस त्याने वीस किलोच्या बॅगा उचलून दाखवल्या. पाचव्या दिवशी प्रशिक्षण होतं. विक्रेत्याने सहा खुर्च्या मांडल्या, सहा वह्या, सहा पेनं. पाच माणसं आली. समीक्षा दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. पोलादपूरची एसटी येऊन गेली. "चांगू, येसाजीकाका कुठे?" चांगूने वही उघडली, मिटली. "येसूदा येनार नाय मॅडम. त्येनं त्येची पाळी आमाला वाटून दिली. पाच जणांत बसवा बोलला." कधी? "झालं आठ दिस. तुमाला सांगू नको बोलला." पहिलं नाव त्याचं होतं. बॅग हलकी केली ती त्याच्यासाठी, फॉर्म रेटला तो त्याच्यासाठी, आणि आता प्रत्येकाची जागा राहिली होती, फक्त त्याची सोडून. ती पर्स घेऊन निघाली. भरत सरांचा फोन वाजत होता, तो तिने घेतला नाही.

भर दुपारी पठारावर ऊन पांढरं पडलं होतं. पेरणीआधीचे राब भाजून झाले होते; खाचरांतून काळ्या राखेचे चौकोन दिसत होते आणि हवेला जळल्या पाल्याचा वास होता. येसाजी आपल्या खाचराच्या बांधावर आंब्याच्या सावलीत बसला होता, पाय पसरून. गाडीचं दार तिने इतक्या जोरात लावलं की झाडावरचे कावळे उडाले. "हे काय केलंत?" ती लांबूनच ओरडली. "नुसतं उभं राहायचं होतं तिथे! बटण दाबायचं होतं! एक आठवडा काम, एक आठवडा आराम! आता उचलायचं काही नव्हतं काका, मी त्याच्यासाठीच..." तिला दम लागला. येसाजीने तिला येऊ दिलं, जवळ येऊन उभी राहू दिलं.

"उभं र्‍हायचं हुतं," तो म्हणाला. "आठ तास. त्येच नाय जमत आता."

ती उन्हातून सावलीत सरकली.

"आन जमलं असतं तरी," तो म्हणाला, "चौतीस वर्सं गोन उचलली. आता तिच्या शेजारी उभा र्‍हाऊन दुसरं कुनी उचलतंय ते बघू? तू माज्यासाटी केलंस, ठावं हाय मला. म्हनून मी तिथं र्‍हायाचं, असं हाय काय?"

"मग मी केलं कशाला?" हे इतकं पोरकट वाक्य तिच्या तोंडून गेलं की तिचं तिलाच ऐकवेना.

"पाच जन हायत की."

ती बांधावर त्याच्याशेजारी बसली. राग गेला नव्हता. फक्त त्याला आता दिशा नव्हती. आपण कुणाला तरी वाचवायला निघालो होतो, आणि त्या माणसाने आपलं वाचणं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आपल्याला न विचारता, जसं आपण त्याला न विचारता सगळं ठरवत होतो. खाली दरीत कुठेतरी हायवे असेल, त्यापलीकडे शेड, तिथे आत्ता पाच माणसं वहीत काहीतरी लिहून घेत असतील. तिच्या चपलांना राख लागली होती. गोदूबाईने घराच्या दारातून हाक मारली, जेवायला चला.

येसाजीने एक हात झाडाच्या बुंध्यावर ठेवला आणि दुसरा तिच्यापुढे केला. "जरा हात दे," तो म्हणाला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागली. तो हलला नाही. तिच्या पाठीत कळ आली.

"तशी नाय गो," तो म्हणाला. "कंबरेतनं वाकू नको. गुडघं वाकव. जवळ ये, आनखी जवळ. आंगाशी धर. हां. आन आता ताठ हो, सावकाश."

त्याचा सगळा भार तिच्या अंगावर आला. घामाचा, धुराचा, शेकलेल्या मिठाचा वास आला. तिला वाटलं आता दोघंही खाली जाणार. ती श्वास धरून ताठ होत गेली. येसाजी उभा राहिला. क्षणभर दोघंही एकमेकांना धरून तसेच राहिले, कोण कुणाला धरून आहे हे न कळता. मग त्याने तिच्या खांद्यावरचा हात काढला, बांधावरून तोल सावरत पहिलं पाऊल टाकलं, आणि दोघं घराकडे चालायला लागली.